गर्भाला राखता न आलेला ठसा : कोपरखैरण्यातील एका कुटुंबाचे प्रकरण

अडतिसाव्या आठवड्यात जन्मलेल्या, १ किलो ७०० ग्रॅम वजनाच्या मुलीच्या रक्तातील साखर तिसऱ्या दिवशी दर डेसिलिटरला ४२० मिलिग्रॅम निघाली, तेव्हा नवी मुंबईतील त्या रुग्णालयाच्या नवजात अतिदक्षता विभागात कोणीही लगेच मधुमेहाचे नाव घेतले नाही, आणि तसे न घेणे योग्यच होते. इतक्या लहान बाळाला शिरेतून ग्लुकोज चालू असते, जंतुसंसर्गाची शंका असते, आणि या दोन्ही कारणांनी साखर तात्पुरती वर जाणे अशा विभागात नवे नाही. ग्लुकोजचे प्रमाण कमी करण्यात आले, रक्ताचे कल्चर पाठवले गेले, पण साखर उतरली नाही. बाळाला लघवी भरपूर होत होती, वजन घटत होते आणि तरीही लघवीत कीटोन नव्हते. सी-पेप्टाइडची पातळी अगदी कमी आली, म्हणजे बाळाचे स्वादुपिंड स्वतःचे इन्सुलिन जवळजवळ बनवत नव्हते. सोनोग्राफीत स्वादुपिंड मात्र जागेवर होते. तपासणाऱ्या डॉक्टरांनी आणखी तीन गोष्टी टिपून ठेवल्या होत्या: जीभ जरा मोठी, बेंबीचा हर्निया आणि अंग नेहमीपेक्षा ढिले.

हे प्रकरण अध्यापनासाठी उभे केले आहे. कुटुंब, रुग्णालय आणि त्यांच्यातील बोलणे कल्पित आहे. ज्या आजाराचा आणि ज्या प्रथिनांचा येथे विचार केला आहे, ते मात्र जसे ज्ञात आहे तसेच दिले आहे.

बाळाचे वडील वाशीच्या कृषी उत्पन्न बाजार आवारात, कांदा-बटाटा मार्केटमध्ये, माथाडी कामगार आहेत. मूळ गाव सातारा जिल्ह्यातील पाटण तालुक्यात, घर कोपरखैरण्यात. आई ही त्यांच्या सख्ख्या मामाची मुलगी, म्हणजे सासू ही तिची आत्याच. महाराष्ट्रातील अनेक समाजांत मामाच्या मुलीशी लग्न ही रूढ आणि मानाची गोष्ट आहे, आणि १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यानेही रूढी असेल तेथे अशा विवाहाला मान्यता दिली आहे. एरवी हे सांगण्याची गरज पडली नसती, पण या प्रकरणात नात्याची ही वीण निदानाच्या अगदी मध्यावर येते.

घरातले स्पष्टीकरण आणि एक जुनी आठवण

अनुवंश समुपदेशकाकडे कुटुंब आले तोपर्यंत घरात कारण ठरून गेले होते. सासूबाईंचे म्हणणे असे, की सुनेला सातव्या महिन्यापासून गोडाचेच डोहाळे होते, तिने कोणाचे ऐकले नाही आणि ती साखर बाळाला बाधली. सून गप्प होती. तिची स्वतःची तक्रार एवढीच, की आत्या हे तिच्या माहेरच्यांसमोर बोलली.

या स्पष्टीकरणाला उत्तर देणे अवघड नव्हते, आणि ते आधी दिले हे बरे झाले. गरोदरपणी आईची साखर वाढलेली असेल तर बाळाचे स्वादुपिंड जास्त इन्सुलिन बनवू लागते. असे बाळ बहुधा वजनदार असते आणि नाळ तुटल्यावर त्याची साखर एकदम खाली जाते. येथे सगळे उलट होते. आईच्या गरोदरपणातील साखरेच्या तपासण्या ठीक होत्या, बाळ कृश होते आणि साखर चढलेली होती. गर्भाच्या वाढीसाठी इन्सुलिन हा फार महत्त्वाचा घटक असतो, म्हणून ज्या गर्भात ते कमी असते तो पोटातच खुरटतो. बाळाचे वजन हे इन्सुलिनची कमतरता जन्माआधीपासूनची आहे, याचीच खूण होती.

वंशवृक्ष काढताना मात्र वेगळीच गोष्ट निघाली. या जोडप्याचे पहिले मूल, मुलगा, तीन वर्षांपूर्वी गावाकडे जन्मला होता. पहिले बाळंतपण म्हणून आई माहेरी गेली होती. ते बाळही बारीक होते आणि दहाव्या दिवशी गेले. कागद काही नव्हता; ‘अंगातले पाणी कमी झाले’ एवढेच कुटुंबाला सांगितले गेले होते. समुपदेशकाने लघवीबद्दल विचारले तेव्हा आईची आई, जी तोवर कोपऱ्यात बसून ऐकत होती, म्हणाली, “लंगोट ओले व्हायचे ते व्हायचेच, पण बाई, वाळत घातलेल्या लंगोटांना मुंग्या लागायच्या.”

या वाक्याचे वजन किती धरायचे? दूध सांडलेल्या कापडालाही मुंग्या लागतात, आणि तीन वर्षांपूर्वीची आठवण आजच्या प्रश्नाच्या उजेडात रंगते, हे प्रत्येक अनुभवी समुपदेशक जाणतो. म्हणून वंशवृक्षात त्या मुलापुढे प्रश्नचिन्ह घातले गेले, निदान लिहिले गेले नाही. तरी त्या प्रश्नचिन्हाने पुढच्या तपासाची दिशा ठरवली, असे माझे मत आहे. एका घरात एक बाधित मूल असणे आणि कदाचित दोन असणे यांत फरक आहे, आणि आईवडील मामे-आतेभावंडे असताना तर तो फरक फार मोठा होतो.

पहिला अहवाल

सहा महिन्यांच्या आतील बाळाचा मधुमेह हा जवळजवळ नेहमी एखाद्याच जनुकातील किंवा जनुकीय भागातील बिघाडामुळे होतो. मोठ्या मुलांमधील प्रकार १ चा मधुमेह या वयात क्वचितच दिसतो. साधारण लाखभर जन्मांमागे एखादे बाळ असे असते. त्यातील जवळपास निम्म्या बाळांचा मधुमेह काही आठवड्यांत किंवा महिन्यांत ओसरतो; याला तात्पुरता नवजात मधुमेह म्हणतात. निदानाची घाई असण्याचे एक व्यावहारिक कारण आहे: केसीएनजे११ किंवा एबीसीसी८ या जनुकांत दोष निघाला तर बहुसंख्य बाळांना इन्सुलिनऐवजी ग्लिबेनक्लामाइडची गोळी चालते. म्हणून ती दोन जनुके, इन्सुलिनचे स्वतःचे जनुक आणि सहाव्या गुणसूत्राच्या लांब भुजेवरील ६क्यू२४ हा भाग यांची तपासणी एकाच वेळी पाठवली गेली. दरम्यान बाळाला पातळ केलेले इन्सुलिन अत्यंत लहान मात्रेत सुरू होते.

जनुके निर्दोष निघाली. ६क्यू२४ च्या तपासणीत मात्र मेथिलीकरण, म्हणजे डीएनएवर चिकटलेले मेथिल नावाचे छोटे रासायनिक गट, पूर्णपणे गायब असल्याचे आढळले.

अहवालातील ही एक ओळ समजून घेण्यासाठी थोडे मागे जावे लागते. १९८४ साली केंब्रिजमध्ये अझीम सुरानी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, तसेच फिलाडेल्फियात मॅकग्राथ आणि सोल्टर यांनी, उंदराच्या नुकत्याच फलित झालेल्या अंडपेशीतील केंद्रके अदलाबदल करून पाहिली. दोन्ही केंद्रके आईकडची असतील तर भ्रूण पूर्ण वाढत नाही, आणि दोन्ही वडिलांकडची असतील तरीही वाढत नाही. गुणसूत्रांची संख्या बरोबर असते, जनुके सगळी असतात, आणि तरीही भ्रूण मरतो. याचा अर्थ आईकडून आलेली आणि वडिलांकडून आलेली जनुके, अक्षरे तीच असूनही, सारखी वागत नाहीत. आज माणसात अशी शंभरच्या आसपास ठसांकित जनुके ज्ञात आहेत, ज्यांची दोनपैकी एकच प्रत काम करते आणि दुसरी मूक ठेवलेली असते. ६क्यू२४ वरील पीएलएजीएल१ हे त्यांतले एक. त्याची वडिलांकडची प्रत चालते. आईकडच्या प्रतीवर अंडपेशी तयार होत असतानाच मेथिल गटांचा ठसा बसवला जातो आणि ती प्रत बंद राहते.

पीएलएजीएल१ पासून बनणारे प्रथिन पेशींच्या विभाजनाला आवर घालते. दोन्ही प्रती चालू राहिल्या, तर दुप्पट मात्रेने हा आवर वाढत्या स्वादुपिंडावर बसतो. माणसाचा ६क्यू२४ हा भाग घातलेल्या उंदरांवरचे एक काम २००४ साली प्रसिद्ध झाले. त्या पिल्लांची साखर जन्मतः चढलेली होती, पुढे ती सुधारली, आणि मोठेपणी ग्लुकोज पेलण्याची त्यांची क्षमता पुन्हा कमी दिसली. मुलांमध्ये जे घडते, त्याच्या हे फार जवळ आहे.

एकाच ओळीची चार कारणे

रुग्णालयातील एका ज्येष्ठ डॉक्टरांचे मत येथेच थांबावे असे होते. तात्पुरत्या नवजात मधुमेहाचे निदान झाले, साखर काही महिन्यांत उतरेल, मेथिलीकरण जाणे ही बहुधा योगायोगाची घटना असते, तेव्हा पुढच्या मुलाबद्दल आईवडिलांना निश्चिंत राहण्यास सांगावे. वडिलांच्या मजुरीचा आणि आणखी चाचण्यांच्या खर्चाचा विचार करता हे मत निष्काळजी म्हणता येणार नाही. तरीही ते चुकीचे होते, कारण ‘मेथिलीकरण नाही’ हे वाक्य परिणाम सांगते, कारण सांगत नाही, आणि पुढच्या मुलाचा धोका कारणावर ठरतो.

पहिली शक्यता अशी, की बाळाला सहावे गुणसूत्र दोन्ही वेळा वडिलांकडूनच मिळाले असावे. हा प्रकार १९९५ साली कॅरन टेंपल आणि सहकाऱ्यांनी या आजारात दाखवला आणि त्यावरूनच हा ठशाशी निगडित आजार असल्याचे उमगले. तसे असेल तर आईकडची मेथिलीकृत प्रत मुळात आलेलीच नाही. आणि हा अपघात सहसा पुन्हा होत नाही. दुसरी शक्यता, वडिलांकडून आलेल्या गुणसूत्रात तो भाग दुबार आहे. मग वडीलच तो दुबार भाग बाळगत असतील तर प्रत्येक मुलाला निम्मा धोका. या प्रकारात मेथिलीकरण पूर्ण जात नाही, फक्त त्याचे प्रमाण बदलते. आईवडिलांचे नमुने घेऊन गुणसूत्रांची सूक्ष्म तपासणी केली, तेव्हा बाळाकडे दोघांचीही सहावी गुणसूत्रे निघाली आणि दुबार भाग निघाला नाही.

उरली ती खरी अवघड बाब: आईकडची प्रत आलेली आहे, पण तिच्यावरचा ठसा नाही. तो बसवलाच गेला नाही, की बसवल्यानंतर गेला?

ठसा बसवण्याचे काम आईच्या अंडाशयात, अंडपेशी पक्व होत असताना होते. डीएनएमटी३ए हे विकर आणि त्याचा सहायक डीएनएमटी३एल मिळून ते करतात. याशिवाय आईच्या अंडपेशीत साठवलेली काही प्रथिने, जसे एनएलआरपी५, एनएलआरपी७ किंवा पीएडीआय६, सदोष असतील तर आईची तब्येत उत्तम असूनही तिच्या मुलांमध्ये एकाच वेळी अनेक ठसे बिघडलेले दिसू शकतात. एनएलआरपी७ च्या दोन्ही प्रती सदोष असलेल्या स्त्रियांना पुन्हा पुन्हा द्राक्षगर्भ राहतो, म्हणजे गर्भाऐवजी वारेच्या ऊतीचे द्राक्षांसारखे पुंजके वाढतात. दोष तेथे असता, तर प्रश्न आईच्या जनुकांचा ठरला असता आणि नवरा कोण आहे याने फरक पडला नसता.

पण ठसा नीट बसला तरी तो टिकणे ही वेगळी गोष्ट आहे, आणि सस्तन प्राण्यांच्या भ्रूणात ती विशेष कठीण आहे. फलनानंतर पहिल्या काही दिवसांत भ्रूण आपल्या डीएनएवरील बहुतेक मेथिल गट काढून टाकतो. शुक्रपेशीकडून आलेल्या गुणसूत्रांवरचे गट टेट३ या विकराच्या मदतीने झपाट्याने जातात. आईकडच्या गुणसूत्रांवरचे गट प्रत्येक विभाजनाबरोबर विरळ होत जातात, कारण नव्या धाग्यावर ते पुन्हा उमटवणारे डीएनएमटी१ त्या काळात केंद्रकात पुरेसे नसते. गर्भ रुजण्याच्या सुमारास, म्हणजे माणसात साधारण सहाव्या-सातव्या दिवशी, मेथिलीकरण सर्वांत कमी असते आणि त्यानंतर सगळीकडे नव्याने गट बसवले जातात. या मोठ्या सफाईतून ठसांकित जागा तेवढ्या वाचाव्या लागतात. रुजल्यानंतरचे नवे मेथिलीकरण आईची प्रत कोणती आणि वडिलांची कोणती हे ओळखू शकत नाही, त्यामुळे या दिवसांत गेलेला ठसा त्या मुलाच्या आयुष्यात परत येत नाही.

येथे झेडएफपी५७ येते. हे क्रॅब झिंक-फिंगर कुळातील प्रथिन आहे. या कुळात माणसाची काही शे प्रथिने आहेत आणि त्यांतील बहुतेकांचा रोख डीएनएत इकडून तिकडे उड्या मारणाऱ्या जुन्या घुसखोर तुकड्यांना गप्प करण्यावर आहे. ठसे राखण्याचे काम त्यांतल्या फारच थोड्यांकडे आले आहे, ही उत्क्रांतीतील मला फार रंजक वाटणारी गोष्ट आहे. झेडएफपी५७ डीएनएवरील टी-जी-सी-सी-जी-सी ही सहा अक्षरे ओळखते, पण त्यातील मधल्या सी-जी जोडीवर मेथिल गट असेल तरच त्यांना घट्ट धरते. म्हणजे ज्या प्रतीवर ठसा आहे, तिच्यावरच ते बसते. बसल्यावर ते ट्रिम२८ ला ओढून आणते. ट्रिम२८ च्या आधाराने सेटडीबी१ हे विकर येते आणि ज्या हिस्टोन प्रथिनांभोवती डीएनए गुंडाळलेला असतो, त्यांतील हिस्टोन-३ च्या नवव्या स्थानावरील लायसिन या अमिनो आम्लावर तीन मेथिल गट चढवते. एचपी१ सारखी प्रथिने तो भाग आवळून ठेवतात, आणि थोडेफार जे डीएनएमटी१ उपलब्ध असते ते याच जागी येऊन दर विभाजनानंतर नव्या धाग्यावर ठसा उमटवते. बाकीच्या डीएनएवरून मेथिल गट जात असताना हे सगळे या मोजक्या जागांवर चाललेले असते.

उंदरात झेडएफपी५७ आई आणि भ्रूण दोघांकडूनही काढून टाकले, तर भ्रूण पोटातच मरतात. फक्त भ्रूणाकडूनच काढले, तर काही पिल्ले जन्मानंतर मरतात आणि काही जगतात, असे २००८ मध्ये दिसून आले. उंदरात आईच्या अंडपेशीतील साठा काही प्रमाणात भ्रूणाची उणीव भरून काढतो. माणसाच्या अंडपेशीत मात्र झेडएफपी५७ नगण्य असते. भ्रूणाची स्वतःची जनुके चार ते आठ पेशींच्या अवस्थेत जागी होतात, तेव्हा ते बनू लागते. त्याआधीच्या दिवसांत माणसाच्या भ्रूणात झेडएनएफ४४५ हे त्याच कुळातील दुसरे प्रथिन अधिक महत्त्वाचे असल्याचे २०१९ च्या कामातून दिसते. ज्यांच्याकडे झेडएफपी५७ नाही अशा मुलांचे सगळे ठसे का जात नाहीत, याचे हे एक कारण असावे.

त्याच २००८ साली डेबोरा मॅके, कॅरन टेंपल आणि सहकाऱ्यांनी दाखवून दिले होते, की तात्पुरत्या नवजात मधुमेहाच्या ज्या बाळांत एकाहून अधिक ठसे गेलेले असतात, त्यांतील काहींच्या दोन्ही झेडएफपी५७ प्रती सदोष असतात. अशा बाळांत पीएलएजीएल१ बरोबर जीआरबी१० आणि पीईजी३ यांचेही मेथिलीकरण गेलेले असते. म्हणून समुपदेशकाने दुसरी चाचणी मागितली ती जनुकाच्या अक्षरांची नव्हे, तर इतर ठसांकित जागांची. अहवाल आला: पीएलएजीएल१ पूर्ण रिते, जीआरबी१० आणि पीईजी३ बरेचसे रिते, केसीएनक्यू१ओटी१ अर्धवट, बाकीच्या जागा शाबूत. गुणसूत्रांच्या आधीच्या तपासणीतही एक गोष्ट तशीच पडून होती: सहाव्या गुणसूत्राच्या आखूड भुजेचा एक मोठा पट्टा बाळाच्या दोन्ही प्रतींत अक्षरशः एकसारखा होता, जसा जवळच्या नात्यातील आईवडिलांच्या मुलांत असतो. झेडएफपी५७ त्याच भुजेवर आहे. ज्या पीएलएजीएल१ चा ठसा ते राखते, ते दुसऱ्या भुजेवर; एकाच गुणसूत्रावर दोघे असणे हा निव्वळ योगायोग आहे, पण विद्यार्थ्यांचा येथे हमखास गोंधळ होतो.

त्यानंतर झेडएफपी५७ च्या जनुकाची अक्षरे वाचली गेली. बाळाच्या दोन्ही प्रतींत प्रथिन अर्ध्यावर तोडणारा एकच बदल होता. आई आणि वडील दोघांकडे त्याची एकेक प्रत होती.

कोणाचा दोष नव्हे, पण कोणाकडून

एवढे कळल्यावर धोका सांगणे सोपे होते: प्रत्येक गरोदरपणात चारांत एक. ‘निश्चिंत राहा’ असे सांगितले गेले असते, तर प्रत्यक्षातील पंचवीस टक्के आणि सांगितलेले जवळजवळ शून्य यांत केवढे अंतर पडले असते, हे वेगळे लिहायला नको.

सांगायचे कसे, हे मात्र सोपे नव्हते. समुपदेशकाने वडिलांना त्यांच्याच कामातले उदाहरण दिले. बाजारात आलेल्या गोण्यांवर मार्का असतो. पावसात सगळ्या भिजल्या तर मार्के धुऊन जातात, आणि नेमक्या ज्या गोण्यांचा मार्का महत्त्वाचा त्यांच्यावर ताडपत्री टाकणारा माणूस लागतो. मार्का आईने बरोबर लावला होता. ताडपत्री टाकणारा बाळाच्या स्वतःच्या पेशींतून यायचा होता, आणि तो आला नाही, कारण त्याला बनवणारी जनुकाची प्रत आईकडूनही नादुरुस्त आली आणि वडिलांकडूनही. वडिलांनी लगेच विचारले, “मग तिने काय खाल्लं याचा काही संबंध नाही?” समुपदेशकाने नाही म्हटले, आणि ते सासूबाईंकडे पाहून नव्हे, तर सर्वांना उद्देशून.

पुढचा प्रश्न सासूबाईंनीच विचारला: हे आले कोठून? आईवडील मामे-आतेभावंडे असताना आणि बाळाच्या दोन्ही प्रतींत नेमका एकच बदल असताना, तो बहुधा सामाईक आजी किंवा आजोबांकडून खाली आलेला असतो. म्हणजे एका बाजूला तो सासूबाईंतून आणि दुसऱ्या बाजूला त्यांच्या भावातून उतरला. हे खरे आहे आणि ते लपवता येत नाही. पण ते ज्या क्षणी उच्चारले जाते त्या क्षणी घरातला आरोप फक्त एका बाईवरून दुसऱ्या बाईवर सरकण्याचा धोका असतो. समुपदेशकाने येथे जे केले ते मला योग्य वाटते: प्रत्येक निरोगी माणूस काही सदोष प्रती बाळगूनच असतो आणि त्या एकट्या असताना काहीही करत नाहीत, हे आधी सांगितले, आणि वंशवृक्षावर रेघ ओढताना ती सामाईक आजी-आजोबांपर्यंत नेऊन तेथेच थांबवली. ते दोघे हयात नव्हते. त्यांच्यातील कोण वाहक होते, हे शोधण्याचे कारणही नव्हते. सासूबाईंची स्वतःची चाचणी सुचवली गेली नाही, कारण तिच्या निकालाने कोणताही निर्णय बदलणार नव्हता.

आईने एकच विचारले. पहिल्या बाळालाही हेच होते का? समुपदेशकाने शक्यता आहे असे सांगितले, खात्री देता येत नाही असेही सांगितले, आणि त्यापुढे काही जोडले नाही.

बाळ आणि पुढचे गरोदरपण

मुलीची इन्सुलिनची गरज आठव्या आठवड्यापासून कमी होत गेली आणि चौथ्या महिन्यात ते बंद झाले. हा आजार असलेल्यांपैकी साधारण निम्म्यांत मधुमेह किशोरवयात किंवा तरुणपणी परत येतो, म्हणून तापात किंवा मोठ्या आजारपणात साखर तपासणे आणि ही नोंद तिच्या प्रत्येक कागदावर ठेवणे एवढे आवश्यक ठरले. पुढे ती गरोदर राहिली तर तेव्हा विशेष लक्ष लागेल. हृदयाच्या तपासणीत एक लहान छिद्र निघाले, जे आपोआप बंद होण्यासारखे होते. अंगाचा ढिलेपणा आणि मान उशिरा धरणे यांवर उपचार सुरू झाले. झेडएफपी५७ च्या दोषात विकासाचा पल्ला फार वेगवेगळा असतो. काही मुले शाळेत सहज चालतात, काहींना बरीच मदत लागते, आणि या मुलीबाबत आताच भाकीत करू नये असे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले. कोणतेही औषध, जीवनसत्त्व किंवा आहार गेलेला ठसा परत आणत नाही, हेही सांगावे लागले, कारण एका परिचिताने फॉलिक आम्लाच्या मोठ्या मात्रा सुचवल्या होत्या.

पुढच्या मुलासाठी दोन मार्ग होते. कृत्रिम गर्भधारणा करून भ्रूणातील झेडएफपी५७ वाचून मग रुजवणे शक्य आहे, पण खर्च या कुटुंबाच्या आवाक्याबाहेरचा. दुसरा, नैसर्गिक गर्भधारणेत अकराव्या ते तेराव्या आठवड्यात वारेच्या ऊतीचा नमुना घेणे. येथे एक तांत्रिक बाब महत्त्वाची आहे: या नमुन्यात मेथिलीकरण तपासू नये, कारण वारेतील मेथिलीकरण गर्भाहून वेगळे असते, तपासायची ती जनुकाची अक्षरे, जी दोन्हीकडे सारखीच असतात. अशी तपासणी १९९४ च्या प्रसूतिपूर्व निदान कायद्याखाली नोंदणीकृत केंद्रातच आणि लेखी संमतीनेच होते, आणि तीत गर्भाचे लिंग सांगितले जात नाही. निकाल विसाव्या आठवड्याच्या पुष्कळ आधी येत असल्याने २०२१ च्या सुधारित गर्भपात कायद्यातील वैद्यकीय मंडळाचा प्रश्न उद्भवत नाही.

दोघांनी वेळ घेऊन जे ठरवले ते समुपदेशकाला काहीसे अनपेक्षित होते. मूल बाधित निघाले तरी ते ठेवणारच, असे दोघांचेही म्हणणे पडले. पहिले बाळ साखर न तपासल्यामुळे गेले असावे, हे त्यांच्या मनाने घेतले होते, आणि साखर तपासली की मूल जगते, हे दुसऱ्या बाळाने त्यांना दाखवले होते. निर्णय बदलणार नसेल तर नमुना घेण्याचे कारण उरत नाही, कारण त्या प्रक्रियेत थोडा का होईना गर्भपाताचा धोका असतो. म्हणून योजना साधी झाली: तिसऱ्या तिमाहीत गर्भाची वाढ सोनोग्राफीने पाहत राहायची, बाळंतपण गावी न करता नवजात अतिदक्षता विभाग असलेल्या ठिकाणी करायचे, नाळेच्या रक्तातून झेडएफपी५७ वाचायचे आणि पहिल्या दिवसापासून साखर मोजायची. बाळंतपण माहेरी होणार नाही, हे आईच्या आईने विनातक्रार मान्य केले.

या प्रकरणाचा शेवटचा भाग तपासणीच्या खोलीत सुरू झाला नाही. वडिलांच्या धाकट्या भावासाठी आईच्या धाकट्या बहिणीचे स्थळ घरात जवळजवळ ठरले होते, आणि ही गोष्ट समुपदेशकाला निघता निघता सांगितली गेली. दोघांपैकी प्रत्येक जण वाहक असण्याची शक्यता निम्मी; दोघेही वाहक असण्याची चारांत एक; म्हणजे त्यांच्या एखाद्या मुलाला हा आजार होण्याची शक्यता आजच्या घडीला सोळांत एक. लग्न करावे की न करावे, हे समुपदेशकाने सांगितले नाही आणि सांगायचेही नव्हते. ज्ञात एकाच बदलासाठी दोघांची रक्ततपासणी करणे सोपे आणि स्वस्त आहे, ती त्यांच्या स्वतःच्या संमतीने व्हावी, आणि निकाल आधी त्यांच्या हातात पडावा, एवढे सांगितले गेले. दीर पुढच्या रविवारी, बाजाराला सुट्टी असताना, एकटाच येऊन रक्त देऊन गेला. तो वाहक नव्हता. त्यामुळे बहिणीची तपासणी या स्थळापुरती अनावश्यक झाली. तिने ती तरीही करून घेतली आणि तिचा निकाल घरात कोणाला कळवायचा, हे तिच्यावर सोडले गेले.